आकारपरिचय, शिशुशिक्षणातील : वऱ्हाडातील इतिहास

सुमारे तीन ते सहा वर्षे वयाच्या बालकांना वर्तुळ, त्रिकोण, चौरस, आयत यांसारखे मूलभूत आकार वेगवेगळे ओळखता यावेत, त्यांची नावे कळावीत आणि ते स्वतः घडविता किंवा रेखाटता यावेत, यासाठी दिल्या जाणाऱ्या शिक्षणास आकारपरिचय असे म्हणतात. वाचन-लेखनाची पूर्वतयारी आणि भूमितीचा पाया या दोन्ही दृष्टींनी त्याला शिशुशिक्षणात महत्त्वाचे स्थान आहे. आकारपरिचयाची तीन अंगे मानली जातात : आकारांतील साम्य व भेद जाणणे, आकाराशी नावाची सांगड घालणे आणि आकाराची निर्मिती करणे. ही अंगे परस्परांशी निगडित असली, तरी ती एकाच वेळी विकसित होत नाहीत. आकारांची नीट वर्गवारी करणाऱ्या मुलाला त्यांची नावे ठाऊक नसतात, असे पुष्कळदा आढळते. उलट नाव अचूक सांगणाऱ्या मुलाला तोच आकार थोडा फिरवून ठेवला की ओळखता येत नाही.

वऱ्हाड म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ आणि १९९८ मध्ये अकोल्यापासून वेगळा झालेला वाशीम या जिल्ह्यांचा प्रदेश. या प्रदेशातील आकारपरिचयाचा इतिहास दोन कारणांनी लक्षणीय ठरतो. महाराष्ट्रात बालशिक्षणाची चळवळ उभारणाऱ्या ताराबाई मोडक यांच्या आयुष्याचा काही काळ अमरावतीत गेला आणि त्यांनी रूढ केलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द पुढे ज्या योजनेने देशभर नेला, तिच्या महाराष्ट्रातील पहिल्या प्रकल्पांपैकी एक अमरावती जिल्ह्यातील धारणी येथे सुरू झाला. या इतिहासात एक प्रवृत्ती पुनःपुन्हा दिसते. मुलाच्या हाती वस्तू देऊन आकार शिकविण्याची पद्धती येते. परंतु खर्च, पटसंख्या व परीक्षा यांच्या दडपणाखाली वस्तूची जागा चित्र घेते आणि चित्राची जागा नाव घेते. या घसरणीची कारणे आणि तीविरुद्ध झालेले प्रयत्न हाच या इतिहासाचा गाभा होय.

घर व शिवार : शाळेत आकार शिकविले जाऊ लागण्याच्या कितीतरी आधीपासून वऱ्हाडातील मुलांना आकारांचा परिचय घरात व शिवारात होत आला. ज्वारीची भाकर, तवा व परात यांतून वर्तुळ, पाट व चौकट यांतून आयत, तर छपरावरील कवेलूतून अर्धवर्तुळाकार वळण मुलाच्या नित्य परिचयाचे होई. पळसाची पाने काडीने टाचून पत्रावळ लावताना वेड्यावाकड्या पानांतून गोल आकार कसा साधतो, हे मूल शेजारी बसून पाहत असे. सुताराकडे गाडीचे चाक व त्यावर चढविली जाणारी लोखंडी धाव, कुंभाराकडे फिरत्या चाकावरचे मडके आणि मेळघाटात बांबूच्या चिपांची चटई किंवा टोपली हीही आकारशिक्षणाचीच साधने होती. कपाशीच्या शेतात डवरा उभा व आडवा दोन्हीकडून फिरविता यावा, म्हणून फुलीवर लावणी करण्याची रीत या भागात आहे. अशा शेतातील चौकटींची जाळी शेतकऱ्याच्या मुलास पाठ्यपुस्तकातील चौरसाच्या फार आधी परिचित होते.

खेळांतही आकार असत. अंगणात चौकोन आखून एका पायावर खेळावयाचा ठिकरीचा खेळ, फेर धरून खेळली जाणारी गाणी, आणि ज्वारीच्या धांड्याच्या गरात सालीच्या काड्या खोचून केलेल्या बैलगाड्या ही त्याची उदाहरणे होत. धांड्याची गाडी करणाऱ्या मुलास दोन काड्यांचा सांगाडा डळमळतो आणि तिरपी काडी लावून त्रिकोण केला की तो घट्ट होतो, हे कोणी न सांगता कळे. मुली ठिपक्यांची रांगोळी घालीत. ठिपके समान अंतरावर मांडणे, ते जोडणे, दोन्ही बाजू सारख्या राखणे या क्रियांत चौरस, समभुज आकृती व सममिती यांचे ज्ञान व्यवहाररूपाने अंतर्भूत असे. मात्र हे ज्ञान हाताचे होते; त्याला शास्त्रीय नावे नव्हती आणि ते शिक्षण समजले जात नव्हते.

नावांच्या बाबतीत बोलभाषेची एक मर्यादा लक्षात घेणे आवश्यक आहे. मराठी बोलण्यात ‘गोल’ हा एकच शब्द भाकरीलाही लावतात व लाडवालाही; म्हणजे सपाट वर्तुळ आणि घन गोल यांत तो भेद करीत नाही. ‘चौकोनी’ या शब्दात चौरस व आयत दोन्ही सामावतात. वर्तुळ, चौरस, आयत हे शब्द मुलाच्या कानावर बहुधा शाळेतच प्रथम पडतात. त्यामुळे आकारपरिचय देणाऱ्या शिक्षकास मुलाला वस्तुतः दोन गोष्टी शिकवाव्या लागतात : एक भेद आणि एक नवा शब्द. या दोहोंची गल्लत झाली की शब्द पाठ होतो आणि भेद राहून जातो.

पंतोजींची शाळा : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वऱ्हाडातील प्राथमिक शिक्षण, महाराष्ट्राच्या अन्य भागांप्रमाणेच, मुख्यतः पंतोजींच्या गावठी शाळांतून होत असे. धुळाक्षरे, मोडी लेखन, उजळणी आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी यांसारखे अपूर्णांकांचे पाढे हा तेथील अभ्यासक्रम होता. संख्येच्या बाबतीत ही परंपरा समृद्ध होती. आकाराला तिच्यात स्वतंत्र स्थान नव्हते. यज्ञवेदींच्या रचनेसाठी शुल्बसूत्रांनी भूमितीचा सूक्ष्म विचार केलेला होता. पण तो प्राथमिक शाळेपर्यंत उतरला नव्हता. आकाराशी संबंधित अशी एकच क्रिया या शाळांत होती, ती म्हणजे गिरविणे. धूळपाटीवर काढून दिलेल्या अक्षरावरून मूल पुनःपुन्हा बोट फिरवी. डोळ्याइतकेच बोटालाही शिकवावे, हे आधुनिक शिशुशिक्षणाचे तत्त्व या रूढ क्रियेत नकळत वावरत होते. तथापि गिरविणे फक्त अक्षरापुरते होते आणि त्यातील यांत्रिकपणामुळे त्याचा शैक्षणिक गुण झाकला जाई.

१८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला आणि १९०३ मध्ये हा प्रदेश प्रशासनासाठी मध्य प्रांतास जोडण्यात आला. या काळात सरकारी शाळांचा विस्तार झाला. पहिल्या इयत्तेपूर्वीचा ‘बिगरी’चा वर्ग हा लहान मुलांचा वर्ग होय, पण त्याचे लक्ष्य अक्षरओळख व अंकओळख एवढेच असे. योहान हाइन्रिख पेस्टालोत्सी (१७४६–१८२७) यांच्या विचारांतून निघालेले ‘वस्तुपाठ’ आणि फ्रबेलप्रणीत ‘बालोद्यान’ पद्धती यांचा पुरस्कार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या प्रारंभी हिंदुस्थानातील शिक्षणखाती करू लागली. १९०४ च्या सरकारी शिक्षणविषयक ठरावातही त्यांची दखल घेण्यात आली. मोठ्या पटाच्या वर्गात मात्र वस्तुपाठाचे स्वरूप बहुधा असे होई : शिक्षक वस्तू उंच धरून दाखवी, तिचे नाव व गुण सांगे आणि मुले ते एका सुरात म्हणत. वस्तू वर्गात आली, तरी ती मुलाच्या हाती आली नाही. वर उल्लेखिलेल्या घसरणीचा हा पहिला ठळक टप्पा होय.

फ्रबेल व माँटेसरी : आकारपरिचयाला शास्त्रशुद्ध साधनांची जोड प्रथम जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रबेल (१७८२–१८५२) यांनी दिली. स्फटिकविज्ञानाचा अभ्यास केलेल्या फ्रबेल यांना निसर्गातील विविधतेच्या मुळाशी काही थोडे आकार आहेत असे वाटे. त्यांनी तयार केलेल्या ‘देणग्या’ या साधनसंचात प्रथम लोकरीचे रंगीत चेंडू, नंतर लाकडी गोल, घन व दंडगोल, पुढे लहान घनांत विभागलेला मोठा घन आणि त्यानंतर सपाट फरश्या, काड्या व वेटोळी असा क्रम होता. घनाकृतीपासून पृष्ठाकडे, पृष्ठापासून रेषेकडे आणि रेषेपासून बिंदूकडे असा हा प्रवास होय. आधी हातात धरता येणारी वस्तू आणि मग कागदावरची आकृती, हे या क्रमाचे मर्म आहे.

मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांनी १९०७ मध्ये रोममधील सान लोरेंत्सो या गरीब वस्तीत ‘बालगृह’ सुरू केले. फ्रेंच वैद्य एदवार सेगँ (१८१२–८०) यांनी मतिमंद मुलांसाठी वापरलेल्या साधनांचा त्यांनी विकास केला. त्यांच्या भूमितीय पेटीतील खणांत लाकडी चौकटींत बसणाऱ्या आकृती असतात. मूल मुठीचे लहान बोंडूक तीन बोटांनी धरून आकृती उचलते, तिच्या कडेवरून बोट फिरविते आणि तिच्या जागी ती बसविते. चुकीच्या खोबणीत आकृती बसत नाही. म्हणजे चूक शिक्षकाने दाखवावी लागत नाही, साधनच ती दाखविते. यानंतर भरीव आकृतीचे, जाड रेषेचे व बारीक रेषेचे अशी तीन प्रकारची पत्रे क्रमाने वापरली जातात, म्हणजे वस्तूपासून चित्रापर्यंतचा मार्ग पायऱ्यापायऱ्यांनी काटला जातो. नाव शिकविण्यासाठी सेगँप्रणीत तीन पायऱ्यांचा पाठ असतो : ‘हा त्रिकोण’, ‘त्रिकोण दाखव’ आणि ‘हे काय आहे?’. प्रश्न शेवटी येतो, ही यातील महत्त्वाची गोष्ट. दुसऱ्या पायरीवर मूल चुकले, तर त्यास चूक न म्हणता पाठ दुसऱ्या दिवसावर टाकावा, असा संकेत आहे.

ताराबाई मोडक यांचे कार्य : ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांचा जन्म मुंबईचा. मुंबई विद्यापीठाची पदवी घेतल्यानंतर अमरावतीचे वकील कृ. वा. मोडक यांच्याशी त्यांचा १९१५ मध्ये विवाह झाला व त्या अमरावतीस राहू लागल्या. १९२१ च्या सुमारास त्यांचा संसार संपुष्टात आला आणि लहान मुलीसह त्या काठेवाडात राजकोट येथील अध्यापिका विद्यालयात गेल्या. तेथून त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांच्या सहकारी झाल्या. गिजुभाईंनी १९२० मध्ये तेथे बालमंदिर सुरू केले होते. या दोघांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. मराठी शिक्षणपत्रिकेच्या द्वारा ताराबाईंनी शिशुशिक्षणाचे विचार मराठी शिक्षक व पालक यांच्यापर्यंत पोहोचविले. १९३६ मध्ये त्यांनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केले.

माँटेसरी साधने महाग होती व सुबक लाकूडकामावाचून ती निरुपयोगी ठरत; खोबणीत सैल बसणारा त्रिकोण चूक दाखवू शकत नाही. म्हणून मूळ साधने आणणे शहरातील सुस्थित घरांपुरतेच शक्य होते. ताराबाईंनी ही अडचण केवळ आर्थिक मानली नाही. साधनाचे तत्त्व आणि साधनाची वस्तू यांत त्यांनी भेद केला. १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी (आता पालघर जिल्हा) येथे सुरू झालेल्या ग्राम बाल शिक्षा केंद्रात व १९५७ पासून कोसबाड येथे त्यांनी आणि अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी शिंपले, गोटे, बिया, पाने, माती व काड्या यांतून शिक्षणसाधने सिद्ध केली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून ‘अंगणवाडी’ जन्मास आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ‘कुरणशाळा’ही चालविण्यात आली. सरकारने ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण देऊन गौरविले.

आकारपरिचयाच्या दृष्टीने या कार्याचे महत्त्व असे की, घरातील व शिवारातील हाताचे ज्ञान प्रथमच शिक्षण म्हणून मान्य झाले. ज्या ज्ञानाला पंतोजींच्या शाळेत जागा नव्हती आणि वस्तुपाठात जे फक्त दुरून दाखविले जाई, त्यालाच येथे पाठाचे स्वरूप मिळाले. हा विचार कोकणच्या किनाऱ्यावर सिद्ध झाला असला, तरी तो स्थलनिरपेक्ष आहे. समुद्रकाठी जे काम शिंपले करतात, तेच काम वऱ्हाडात सरकी, तुराट्या, धांडे, पळसाची पाने व कवेलूचे तुकडे करू शकतात.

वऱ्हाडला लागून असलेल्या वर्धा जिल्ह्यात याच सुमारास दुसरा एक प्रयत्न चालू होता. ऑक्टोबर १९३७ मधील वर्धा शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नयी तालीम पद्धतीत हस्तव्यवसाय हे शिक्षणाचे केंद्र मानण्यात आले, आणि सेवाग्राम येथे सात वर्षांखालील मुलांसाठी ‘पूर्व-बुनियादी’ शिक्षणाचे काम झाले. सफाई, कापूस निवडणे, बागकाम यांसारख्या खऱ्या कामांतून मूल शिकते, ही त्यामागील धारणा होती. या पद्धतीत आकारांचा स्वतंत्र पाठ नव्हता. पण वाफा आखताना किंवा चटई घालताना आकार कामाचा भाग म्हणून येई. स्वतः वऱ्हाडात मात्र या काळात शिक्षणप्रसाराचा मुख्य भर माध्यमिक व उच्च शिक्षणावर होता. पंजाबराव देशमुख (१८९८–१९६५) यांनी १९३२ मध्ये अमरावती येथे स्थापन केलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेने शेतकरी समाजातील मुलांना ही दारे खुली केली. शाळेपूर्वीचे वय प्रायः घराच्याच हवाली राहिले.

मानसशास्त्रीय संशोधन : मुलाला आकार कसा समजतो, याचा प्रायोगिक अभ्यास विसाव्या शतकात झाला. स्विस मानसशास्त्रज्ञ झां प्याजे (१८९६–१९८०) व बेर्बेल इन्हेल्डर यांच्या १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अवकाशविषयक ग्रंथात मुलांना पडद्याआड हात घालून वस्तू चाचपण्यास सांगितल्याचे प्रयोग आहेत. लहान मुले प्रथम बंद व उघडी, छिद्र असलेली व नसलेली आकृती यांतील फरक ओळखतात. सरळ कडा व कोन यांवरून चौरस व त्रिकोण वेगळे करणे त्यांना नंतर जमते. याचे एक कारण असे की, धाकटे मूल वस्तू नुसती धरते, तर मोठे मूल तिच्या कडेने बोट फिरवून तिचा शोध घेते. रेखाटनाच्या बाबतीतही क्रम ठरलेला आहे. सामान्यतः वर्तुळ तिसऱ्या वर्षाच्या सुमारास, चौरस चार-साडेचार वर्षांच्या आसपास, त्रिकोण पाचव्या वर्षाच्या सुमारास आणि शंकरपाळ्याचा आकार त्याहूनही पुढे साधतो. म्हणून तीन वर्षांच्या मुलाकडून चौकोन ‘नीट’ काढून घेण्याचा आग्रह निरर्थक आहे.

डच शिक्षणतज्ज्ञ पिएर व दिना फान हिले या दांपत्याने १९५७ मध्ये भूमितीय विचाराच्या पातळ्या मांडल्या. पहिल्या पातळीवर मूल आकार त्याच्या एकंदर दर्शनावरून ओळखते. बाजू व कोन मोजून नव्हे. त्यामुळे त्याच्या मनात प्रत्येक आकाराचा एक नमुना तयार होतो. चित्रांतून नेहमी आडव्या पायावर उभा असलेला त्रिकोणच दिसला, तर टोकावर उभा केलेला किंवा लांबट त्रिकोण मूल नाकारते, आणि कोनावर उभा केलेला चौरस ‘शंकरपाळे’ होतो. अमेरिकेत डग्लस क्लेमंट्स व त्यांचे सहकारी यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन ते सहा वर्षांची मुले वर्तुळ जवळजवळ बिनचूक व चौरस बऱ्याच अंशी बरोबर ओळखतात, पण त्रिकोण व आयत यांत पुष्कळ चुकतात, असे आढळले. चित्राच्या तक्त्यावर एकच ठरावीक त्रिकोण दाखविण्याने ही चूक दृढ होते. हातात घेऊन फिरविता येणाऱ्या वस्तूने ती आपोआप सुटते. फ्रबेल व माँटेसरी यांनी अनुभवाने जे केले, त्यास या संशोधनाने आधार दिला.

अंगणवाडी व धारणी प्रकल्प : एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटातील धारणी येथील आदिवासी प्रकल्प महाराष्ट्रातील आरंभीच्या प्रकल्पांपैकी होय. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, आहार व आरोग्यविषयक शिक्षण आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अनौपचारिक शालापूर्व शिक्षण, अशा सहा सेवा तीत अंतर्भूत होत्या. या सेवा देणाऱ्या केंद्रास ‘अंगणवाडी’ हे नाव देण्यात आले. ताराबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी त्यांचा शब्द अशा रीतीने, त्यांच्या अमरावतीच्या वास्तव्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळाने, त्याच जिल्ह्यात परत आला.

मेळघाटातील कुपोषण व बालमृत्यू यांचा प्रश्न पाहता या केंद्रांत आहार व आरोग्य यांना अग्रक्रम मिळणे अपरिहार्य होते. अंगणवाडी सेविकेस आहारवाटप, वजने, नोंदवह्या, गृहभेटी अशी अनेक कामे करावी लागतात. शालापूर्व शिक्षणास उरणारा वेळ थोडा असतो. अशा वेळी भिंतीवरील आकारांचा तक्ता व त्यावर छडी ठेवून म्हणून घेतलेली नावे हा सर्वांत कमी वेळाचा मार्ग ठरतो. येथे दोष सेविकेच्या वृत्तीत शोधणे अन्यायाचे होईल. तो कामाच्या मांडणीत आहे. मात्र याच केंद्राभोवती बांबू, सागाची पाने, बिया व माती विपुल असतात, हेही तितकेच खरे.

मेळघाटात यापुढची एक अडचण आहे. धारणी व चिखलदरा तालुक्यांतील कोरकू समाजाची मातृभाषा कोरकू ही ऑस्ट्रो-आशियाई कुलातील मुंडा गटाची भाषा आहे. मराठीशी तिचे कौटुंबिक नाते नाही. मध्य प्रदेशाच्या सीमेलगत असल्याने धारणीच्या बाजारात हिंदीही कानी पडते. अशा मुलाला ‘त्रिकोण’ हा शब्द केवळ नवा नसतो, तो ज्या भाषेत समजावून दिला जातो, तीही नवी असते. नावावरून आकारज्ञान तपासले, तर टोपलीची वीण निरखणारे आणि बियांची अचूक वर्गवारी करणारे मूलही गप्प राहते व मंद समजले जाते. वास्तविक त्याने आकारपरिचयाचे पहिले अंग पूर्ण केलेले असते. राहिलेले असते ते भाषेचे काम. यावर उपाय म्हणजे भेद ओळखण्याचे खेळ प्रथम शब्दांवाचून घेणे, मुलाच्या भाषेतील बोलणे स्वीकारणे आणि शाळेतील नाव त्यानंतर सावकाश जोडणे. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीतही हेच तत्त्व, कमी तीव्रतेने का होईना, लागू पडते.

अध्यापनाचा क्रम : वरील अनुभव व संशोधन यांवरून आकारपरिचयाचा पुढील क्रम योग्य मानला जातो. (१) मुलांना घनवस्तू यथेच्छ हाताळू द्याव्यात. संत्रे, बांगडी, पाटी, आगपेटी, कवेलू यांसारख्या परिचित वस्तू यासाठी पुरेशा होतात. (२) कोणती वस्तू घरंगळते, कोणती सरकते, कोणती एकावर एक रचता येते, यांवरून गट करू द्यावेत. (३) पिशवीत हात घालून न पाहता वस्तू ओळखण्याचा खेळ घ्यावा. (४) वस्तूचा ठसा ओल्या मातीत किंवा राखेत उमटवून घनवस्तूपासून सपाट आकृतीकडे यावे. आगपेटीच्या वेगवेगळ्या बाजूंचे ठसे वेगवेगळ्या आकारांचे आयत देतात, हे मुलांना विशेष रंजक वाटते. (५) त्रिकोण निरनिराळ्या मापांचे व निरनिराळ्या स्थितींत ठेवलेले असावेत. त्यांबरोबर एक बाजू वाकडी किंवा कोपरा उघडा असलेली, त्रिकोण नसलेली आकृतीही असावी. (६) तुराट्या जोडून आकार बांधू द्यावेत. (७) नाव तीन पायऱ्यांनी द्यावे. (८) रेखाटन सर्वांत शेवटी, प्रथम धुळीत बोटाने व मग पाटीवर. या क्रमास पैसा फारसा लागत नाही. लागतो तो वेळ आणि मुलांची बेताची संख्या.

परीक्षेचा प्रभाव : १९८० नंतर अमरावती व अकोला यांसारख्या शहरांत इंग्रजी माध्यमाचे शिशुवर्ग वाढले. प्रवेशाच्या वेळी मुलास रंग व आकार यांची नावे विचारण्याची प्रथा अनेक ठिकाणी रूढ झाली व तिच्यामुळे घरोघर नावांची घोकंपट्टी सुरू झाली. शाळेच्या दाराशीच शेवटचा प्रश्न प्रथम विचारला जाऊ लागला. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १३ ने शाळाप्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची अशी चाळणी करण्यास मनाई केली. हा अधिनियम मुख्यतः ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. कलम ११ मध्ये तीन वर्षांवरील मुलांच्या शालापूर्व शिक्षणाची सोय शासनाने करावी, अशी अपेक्षा व्यक्त केलेली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत स्तर म्हणून मान्य केला आणि २०२२ मध्ये या स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा प्रसिद्ध झाला. खेळ, खेळणी व प्रत्यक्ष हाताळणी यांवर त्यात भर आहे. महाराष्ट्रातील अंगणवाड्यांसाठी तयार झालेल्या शालापूर्व अभ्यासक्रमाचे ‘आकार’ हे नावही सूचक आहे.

मूल्यमापन : पंतोजींच्या शाळेने आकाराकडे दुर्लक्ष केले, वस्तुपाठाने तो दुरून दाखविला, माँटेसरी साधनांनी तो हाती दिला पण थोड्यांच्या, आणि ताराबाईंनी तो सर्वांच्या आवाक्यात आणला. त्यानंतरही तक्ता, छापील स्वाध्यायपुस्तिका व प्रवेशाची मुलाखत यांतून तो पुन्हा नावापुरता उरण्याचा धोका टळलेला नाही. पडद्यावरील सरकत्या आकृतींनी त्यात भर घातली आहे, कारण काचेवरील त्रिकोणास कडा नसते. धोरणे व साहित्यसंच यांनी या धोक्याची जाणीव करून दिली, तरी निर्णायक गोष्ट वर्गातच घडते. पंधरा मिनिटे मुलांना काही न विचारता वस्तू हाताळू देणारी आणि गप्प असलेल्या मुलाचे हात पाहणारी शिक्षिका, एवढीच या शिक्षणाची किमान सामग्री होय. वऱ्हाडात वस्तूंची उणीव कधीच नव्हती. त्या शिक्षणाच्या कामी आणण्याची दृष्टी ज्या ज्या वेळी लाभली, त्या त्या वेळी आकार हे मुलाच्या समजुतीचे साधन झाले. ती नसताना ते केवळ पाठांतराचे चार शब्द राहिले.